कुंकवाखालची तारीख

खंडेनवमीला चाकणच्या कारखान्यांत यंत्रं बंद ठेवतात, पुसून काढतात, हळदकुंकू वाहतात आणि झेंडूच्या माळा घालतात. मीही आमच्या चार माणसांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात लॅपटॉपवर हळदीची दोन बोटं ओढते. त्यामुळे पुढे जे झालं, त्यात कुणाच्या पूजेला नावं ठेवायचा मला काडीचा अधिकार नाही.

चाकणजवळच्या एका कारखान्यात गाड्यांना लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनत. प्रत्येक ब्रॅकेट मोजायचा आणि त्याची मापं तिथल्या तिथे गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला पाठवायची, असा प्रोग्राम मी लिहून दिला होता. मापं उघड्यावरून जात नसत, कुलूपबंद जोडणीतून जात. म्हणजे वाटेत कुणी वाचू नये, कुणी बदलू नये. स्क्रीनवर एक गोल होता. माप निघालं की पिवळा, पोचलं की हिरवा, अडकलं की लाल. मोजायचं काम एका बाईंकडे होतं. जवळच्याच गावच्या, सहा वर्षं कंत्राटावर. दिवाळीत त्यांना परमनंट करायचं ठरलं होतं. ही बातमी त्यांनी मला तीनदा सांगितली होती, आणि तिन्ही वेळा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरांचा फोन आला. ट्रक मोठ्या कंपनीच्या गेटवर अडवलाय, सकाळच्या मालाचं एकही माप तिकडे पोचलेलं नाही, ताबडतोब या. मी रावेतहून स्कूटर काढली आणि चाकणच्या चौकात ट्रकवाल्यांवर मनसोक्त करवादून तिथे पोचले.

तपासणीच्या खोलीत मॅनेजर, सुपरवायझर आणि त्या बाई उभ्या होत्या. सुपरवायझरचं म्हणणं सरळ होतं. बाई सणाच्या मूडमध्ये होत्या, न मोजताच माल पुढे ढकलला. अशा माणसाला परमनंट करायचं का, हे त्यानं मॅनेजरांना माझ्यादेखत विचारलं. बाई एवढंच म्हणत होत्या की प्रत्येक वेळी गोल हिरवा झाला होता. माझं तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं. मीही त्यांना विचारलं, तुम्ही कशाला हात लावलात का? फुटलेल्या कपाजवळ उभ्या पोराला विचारावं, तसं. त्यांनी मान हलवली आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तासभर मी डोकं आपटलं. जोडणी होतच नव्हती. प्रोग्रामच्या नोंदीत एकच वाक्य पुन्हापुन्हा येत होतं: समोरच्याचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. कुलूपबंद जोडणी होण्याआधी समोरचा कॉम्प्युटर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. ते तर चांगलं चालू होतं. मग लागू झालेलं नाही म्हणजे काय, कप्पाळ?

मॉनिटरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी भक्तिभावानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. कामाच्या आड येऊ नये म्हणून कोपऱ्यात. ते पुसायचं कसं, म्हणून इतका वेळ मीही त्याला हात लावला नव्हता. शेवटी मनातल्या मनात नमस्कार केला आणि ओढणीच्या टोकानं पुसलं. खाली तारीख होती, कित्येक वर्षांपूर्वीची. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालवणारा बटणाएवढा सेल मेला होता. तिन्ही शिफ्टला मशीन चालूच असल्यामुळे ते कळलं नाही. पूजेसाठी वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण बंद केलं आणि घड्याळ मागे जाऊन बसलं. त्याच्या हिशेबानं समोरचं प्रमाणपत्र जन्मालाच आलं नव्हतं, म्हणून त्यानं दार उघडलं नाही. बरोबरच केलं बिचाऱ्यानं.

मॅनेजर खूश झाले. "म्हणजे मशीनचा प्रॉब्लेम. पण मग लाल लागलं असणार. यांनी बघितलं नाही."

लाल लागलंच नसणार, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. उन्हाळ्यात याच मॅनेजरांनी कटकट केली होती की पिवळा फार वेळ राहतो, काम तुंबतं. मी तणतणत पाच मिनिटांत बदल करून टाकला होता. माप पाठवायला दिलं की लगेच हिरवा, आणि इकडची मापाची नोंद पुसायची. समोरून पोचपावती यायची वाटच बघायची नाही. आता मापं तिकडेही नव्हती आणि इकडेही. आमचं वर्षाचं काम पुढच्या महिन्यात नव्यानं ठरायचं होतं. खोटं कशाला बोलू, चहा येऊन निवेपर्यंत मी गप्प बसले.

मग मी म्हणाले, "त्यांना हिरवंच दिसलं. तो गोल खोटं बोलत होता, आणि तो तसा मी लिहिलाय."

सुपरवायझर म्हणाला की एवढ्यानं बाईंनी मोजलं होतं हे थोडंच सिद्ध होतं. त्यावर बाई पहिल्यांदा जागच्या हलल्या. टेबलाखालचा लाल क्रेट त्यांनी पायानं बाहेर ओढला. त्यात सकाळी त्यांनी बाजूला काढलेले तीन ब्रॅकेट होते, खडूची फुली मारलेले. मॅनेजरांनी ते स्वतः मोजले. तिन्ही मापात चुकलेले होते. न मोजता बाजूला कोण काढेल? इतका वेळ त्या क्रेटकडे आमच्यापैकी एकानंही पाहिलं नव्हतं.

ट्रक परत आला. मी प्रोग्राम नीट केला आणि बाईंनी सगळा माल पुन्हा मोजला. पोचपावती येऊन गोल हिरवा होईपर्यंत त्या ब्रॅकेट हातातून सोडत नव्हत्या. ट्रकमधला एकही चुकीचा निघाला नाही. दिवाळीत त्या परमनंट झाल्या. आमचं काम मात्र दुसऱ्या कुणाला गेलं, आणि त्याबद्दल मला आजही बोलायचं नाही.

सगळा माल पुन्हा मोजण्यात त्या दिवशी त्यांची कंपनीची बस चुकली, म्हणून मी त्यांना स्कूटरवर गावच्या फाट्यापर्यंत सोडलं. उतरल्यावर त्या जाईनात. पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"मॅडम, सगळेच इचारत व्हते. तुमी बी इचारलं. मग मलाच वाटाय लागलं, खरंच मोजलं का न्हाई म्या. सहा वरसं मोजतीय, तरी."

मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि माफी मागितली. त्यांनी मान डोलावली. मग आपल्या उजव्या हाताची बोटं उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिली आणि गावाकडे चालू लागल्या.