वाइन घरातच राहिली, माणसं फिरली

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली शनिवारची दुपार, ऐंशीच्या दशकातली. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी किचनमध्ये फोनची वायर बोटाला गुंडाळत एका सरकारी ऑफिसातल्या माणसाचं बोलणं आठवत होते… आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, "मॅडम, घरी वाइन करायला हरकत नाही. पण घराबाहेर नेणार असाल, तर ते मला विचारू नका."

मग कुणाला विचारू? तेही त्याला माहीत नव्हतं.

आता थोडं मागचं सांगते. मी नागपूरची, केमिस्ट्रीत एम.एस्सी. लग्न होऊन इकडे आले, पण माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. मिस्टर, म्हणजे सुधीर, सकाळी ट्रेननं शिकागोला जायचे आणि मी दिवसभर खिडकीतून समोरच्या गॅरेजचं दार बघत बसायची.

शेजारी फ्रँक राहायचा. रिटायर्ड, एकटा, मागच्या कुंपणावर द्राक्षांचा भला मोठा वेल. सप्टेंबरमध्ये त्यानं मला बादलीभर काळी द्राक्षं दिली आणि आपल्या बेसमेंटमध्ये नेऊन वाइन कशी करतात ते दाखवलं.

गंमत अशी की मी पीत नाही. आमच्या घरी रोज पंचशील म्हटलं जायचं, दारूला न शिवण्याचं पाचवं शील मी कधी मोडलं नाही. पण घरी मीही वाइन लावली, काचेच्या मोठ्या बरणीत ते बुडबुडे वर येताना बघितले आणि… किती महिन्यांनी मला माझी लॅब परत मिळाली!

फ्रँकच्या ओळखीनं मी हौशी लोकांच्या एका छोट्या ग्रुपमध्ये गेले. डोना नर्स होती, रे अकाउंटंट. हिवाळ्यात सगळ्यांनी आपापली बाटली घेऊन एकत्र जमायचं आणि एकमेकांची वाइन चाखायची, असा त्यांचा शिरस्ता.

त्या वर्षी रेनं कुठूनतरी ऐकलं, की घरची वाइन घराबाहेर न्यायलाच परवानगी नाही. डोना म्हणाली, "विकायची नाही, एवढंच." फ्रँकचं मत तिसरंच… दुसऱ्यांना दिली तर चालते, पण कारमधून नेता येत नाही.

मी घरी येऊन हे सुधीरना सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. आमचं ग्रीन कार्डचं काम चालू होतं.

"अगं, तू थेंबभर पीत नाहीस आणि वाइनच्या भानगडीत पकडली जाशील! नागपूरला काय सांगू मी?"

म्हणून मी फोन करायला घेतले. एका ऑफिसनं राज्याच्या ऑफिसला विचारा म्हटलं, राज्याच्या ऑफिसनं गावाच्या. गावाच्या ऑफिसातल्या बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "द्राक्षं कुठली घेतलीत?" तिलाही घरी करून बघायची होती…

शेवटी मीच डोनाला फोन केला. म्हटलं, बाटल्या राहू देत आपापल्या घरी, आपण फिरू. मी पीत नाही, तर ड्राइव्ह मी करते.

लायसन्स मिळून मला फार दिवस झाले नव्हते. पुढच्या शनिवारी बर्फात स्टिअरिंग घट्ट धरून मी आधी रेकडे, मग डोनाकडे, मग फ्रँककडे सगळ्यांना घेऊन गेले. मध्येच मागच्या सीटवरून रेनं गंभीर आवाजात विचारलं, "एकाच्या घरी प्यायलेली वाइन पोटात घेऊन दुसऱ्याच्या घरी गेलो, तर ती घराबाहेर नेली असं होतं का?"

डोना अशी हसत सुटली, की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

शेवटचं घर आमचं. सुधीरनी भर दुपारी सगळे पडदे ओढून ठेवले होते. दारात बुटांचा ढीग पडला, सोफ्यावर ओल्या कोटांचा, आणि मी चिवड्याचा डबा उघडून टेबलावर ठेवला.

फ्रँकनं माझ्या वाइनचा घोट घेतला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले… माझ्याच वाइनची चव मला ठाऊक नव्हती!

"थोडी आंबट आहे," तो म्हणाला. "पण स्वच्छ आहे. माझी इतकी स्वच्छ कधीच होत नाही."

सुधीर इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले, ग्लासात जराशी ओतून घेतली, प्यायले आणि मराठीतच म्हणाले, "अगं, चांगली झालीय की!"

मग तेच सगळ्यांना वाढायला लागले. निघताना फ्रँकला म्हणाले, "उरलेली घेऊन जा." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सुधीर क्षणभर गोंधळले, मग बाटली पेपरात गुंडाळून त्यांनी फ्रँकच्या कोटाच्या खिशात घातली आणि त्याला हात धरून त्याच्या दारापर्यंत सोडून आले.

पुढे ग्रीन कार्ड आलं. वाइनबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. तो कायदा नेमका काय होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही… नंतर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी वेगवेगळं सांगितलं.

एक मात्र पक्कं आठवतं. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात मराठी माणसं सोडून कुणी पाऊल ठेवलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोनाला फोन लावला, तेव्हा पहिल्यांदाच माझ्याकडे फोन करायला काही कारण नव्हतं. ती म्हणाली, "बोल ना…"