तागाच्या वाळल्या शेंगा
तागाच्या बियांची पिशवी हातात खुळखुळली की आजही अंगावर काटा येतो. आमचा म्हातारा बैल मेला, तेव्हा वडिलांनी त्याला संत्र्याच्या बागेतच मीठ टाकून पुरलं. पावसाळ्यात झाडांच्या ओळींमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग पेरला. तो फुलावर येताच मातीत गाडायचा असतो. आमचा राहून गेला, शेंगा वाळल्या. एका दुपारी वारा अजिबात नसताना त्या घुंगरमाळेसारख्या वाजू लागल्या. एकाच ओळीतून, सावकाश, बैल पाणी प्यायचा त्या हौदाच्या दिशेनं. आमच्यासोबत झाडाखाली बसलेली आई उठली. “काहून उठली वं?” वडिलांनी विचारलं. “त्याले तहान लागली असन,” म्हणत तिनं हौदात पाणी सोडलं. आवाज हौदापाशी येऊन थांबला. आता बाग मी बघतो. पहिलं फूल दिसताच ताग गाडतो. लोक म्हणतात, मातीला फार जपतो.