पद्मजेची साथ

नारायण पेठेत आमच्या जिन्याखाली आजोबांचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दिगंबर त्यांचं नाव. सरस, कानशी, भात्याचं कापड, आणि एका डबीत कापसावर ठेवलेले पितळी सूर, म्हणजे पेटीच्या आत हवेनं वाजणाऱ्या पट्ट्या. हे सूर पॅरिसहून आलेले. स्वातंत्र्यानंतर ते मिळेनासे झाले, तेव्हा आजोबा ती डबी दागिन्यांसारखी जपू लागले. त्यांची धाकटी मुलगी कुसुम, म्हणजे माझी आत्या, त्या दुकानातच पेटी शिकली.

बायकांनी गावं, हे तोवर पुण्यानं चालवून घेतलं होतं. पण पेटी घेऊन साथीला बसणारी बाई लोकांना नवीन होती. आत्या बसायची तीही एकीच्याच साथीला. पद्मजा तिची शाळेपासूनची मैत्रीण. रोज संध्याकाळी ती सदाशिव पेठेतून चालत यायची आणि आमच्या माडीवर दोघींचा रियाज चालायचा. पद्मजामावशी ओळ संपवून श्वास घेई, तेवढ्यात आत्या तीच ओळ पेटीवर अशी फिरवून आणी, की मावशी पुढची ओळ हसतच उचले.

बासष्ट साली मावशीला रेडिओवर आवाजाच्या चाचणीला बोलावलं. दोघी टांग्यानं गेल्या. पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. दाराशी एक अधिकारी भेटले, मोठे सभ्य गृहस्थ.

"आपण या. पेटी मात्र आत नेता येणार नाही."

"का?" आत्यानं विचारलं.

"परकं वाद्य आहे. त्यातून मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. आपल्या संगीताला ते घातक आहे, असं धोरण आहे."

"मग हिच्या साथीला कोण?"

"आमचे व्हायोलिनवाले आहेत ना."

"अहो, मग व्हायोलिन काय जेजुरीला पिकतं?"

ते गृहस्थ मनापासून हसले. म्हणाले, "बाई, धोरण मी नाही केलेलं."

पद्मजामावशी तिथल्या तिथे वळली. "चल कुसुम, मलाही नाही गायचं."

"वेडी आहेस का? आत जा," म्हणून आत्यानं तिला दारातून जवळजवळ ढकललंच, आणि स्वतः पेटी मांडीवर घेऊन बाहेर झाडाखाली बसून राहिली.

मावशी पास झाली. तिचं पहिलं गाणं लागलं तेव्हा आळीतली माणसं आमच्याकडे रेडिओभोवती जमली होती. मी सात वर्षांची, आत्याला चिकटून. व्हायोलिन सुरेख वाजत होतं. पण पहिली ओळ संपली आणि मावशी किंचित जास्त थांबली. आत्याची बोटं स्वतःच्या गुडघ्यावर हलली.

"थांबली बघ," ती म्हणाली. मग उठून सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली.

पद्मजामावशीचं नाव झालं. नागपूर, इंदूरपर्यंत कार्यक्रम झाले. आत्या घरी मुलींना पेटी शिकवू लागली. लोकांना वाटलं, दोघींत आता पूर्वीसारखं राहणार नाही. पण मावशी गावात असली की संध्याकाळी जिन्यावर तिच्या चपला वाजतच.

पुढे रेडिओवर पेटीला असलेली बंदी सैल झाली. ती बातमी मावशीच घेऊन आली, खालूनच ओरडत: "कुसुम, लुगडं काढ, पेटी बांधायचीय!"

"आता कशाला? चाळिशी आली माझी," आत्या म्हणाली. पण गेली. त्या दिवशीचं गाणं अजून माझ्या कानात आहे. मावशीला कुठेही थांबावं लागलं नाही. आत्या मात्र स्वतःचं वाजवणं ऐकून एवढंच म्हणाली, "भाता जरा जोरात मारलाय."

मी पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. साहेब गेला तरी आपल्या डोक्यात साहेबाचं काय काय उरलं, याची चर्चा तेव्हा आमच्यात नव्यानं सुरू झाली होती. वाचता वाचता मला कळलं, की पेटी हिंदुस्थानी गाण्याला बिघडवते, ही तक्रार आधी मोठ्यानं केली होती काही गोऱ्या अभ्यासकांनीच. ती आपल्या लोकांनी अभिमानानं उचलली. मी धावत येऊन आत्याला सांगितलं.

ती सुपात तांदूळ निवडत होती. "म्हणजे आणलीही त्यांनी, आणि परकी आहे हेही त्यांनीच सांगितलं?"

"हो!"

"साहेबाची पेटी खुर्चीवर बसून पायानं वाजायची. मांडी घालून वाजवायची ती आपण केली."

"पण आत्या, सूर तर पॅरिसचेच होते ना?"

"होते," ती म्हणाली. "चांगले होते."

मला काहीतरी मोठं उत्तर हवं होतं. तिनं सूप पुढे सरकवलं आणि मी खडे निवडायला बसले.

शेवटच्या वर्षांत मावशीचा आवाज उतरला. बाहेरचं गाणं तिनं सोडलं, माडी सोडली नाही. जिना चढून आली की आधी बराच वेळ दम खात बसायची. एका संध्याकाळी मी तिथेच होते. मावशी जन्मभर काळी पाचच्या उंच पट्टीत गायलेली. आत्यानं त्या दिवशी काळी तीन धरली, बरीच खालची पट्टी. मावशीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच सुरात डोळे मिटून सुरुवात केली.