पडवीतली बाळंतीण

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, माझ्या सरड्यांची मागच्या पडवीपर्यंत. बोर्लीच्या आमच्या घरी तिथे जाळीचे दोन उंच पिंजरे आहेत, एकात नर, दुसऱ्यात मादी. रानातला सरडा पाळणं गुन्हा, म्हणून ही रंग बदलणारी परदेशी जोडी मी रीतसर नोंदणी करून आणली. त्या दिवसापासून सासूबाईंनी पडवीत पाऊल टाकलं नव्हतं. "घरात सरडा? अवदसा हाय ती!"

यंदा मी दोघांचं जमवून दिलं आणि मादी काळपट पडून तिच्यावर निळे-पिवळे ठिपके उमटले. गाभण! मी घरभर नाचले. पुढे तिने खाणं सोडलं आणि पिंजऱ्याचा तळ उकरायला लागली. अंडी घालायला तिला खोल बोगदा लागतो. मी स्कूटर काढली आणि किनाऱ्यावरून छान पांढरीशुभ्र वाळू बादलीभर आणून पिंजऱ्यात ठेवली. समुद्र जवळ असल्यावर वाळू विकत कोण आणतं?

तिने उकरलं की वाळू ढासळायची. दोनदा प्रयत्न करून ती पिंजऱ्यातल्या जास्वंदीच्या फांदीवर जाऊन बसली. मुंबईच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते ओरडलेच, "खारी, सुकी वाळू? बोगदा टिकणार कसा? अंडी पोटात अडली तर मादी जाईल." मी फोन ठेवून अंगणात धावले. न्हाणीघर बांधताना उरलेली नदीची वाळू धुतली, ओलसर करून बादलीत दाबून भरली.

आणि ती खणायला लागली! मी नवऱ्याला हाका मारल्या, शेजारणीला बोलावलं, मोबाईल जाळीला टेकवला. मादी थांबली. बाहेर आली. आम्ही मागे सरलो की पुन्हा आत, मी डोकावले की पुन्हा बाहेर. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "अगो, चारचौघांच्या म्होरं कोन बाळंत व्हतं का? हटा सगळी!" सासूबाई आपलं जुनं लुगडं घेऊन आल्या, पिंजऱ्याभोवती गुंडाळलं आणि पाट टाकून पडवीच्या दारातच बसल्या. मला डोकावूसुद्धा दिलं नाही. नवरा चहा विचारायला आला, त्यालाही परतवलं.

सकाळी त्यांनीच लुगडं बाजूला केलं. बादलीतली वाळू वरून सारखी केलेली, आणि मादी जास्वंदीच्या फांदीवर, पोट पार खपाटीला गेलेलं. वाळू हळूच बाजूला सारली तर खाली पांढरी अंडी, एकाला एक लागून! मी किंचाळलेच.

"वरडू नको, बाळंतीन हाय," सासूबाई म्हणाल्या. तांब्यात बोटं बुडवून त्यांनी जास्वंदीच्या पानांवर पाणी शिंपडलं. मादीने जीभ काढून एक थेंब टिपला, मग दुसरा. त्या बघत राहिल्या.

"उभी काय ऱ्हायलीस? जा, नाकतोडे आन. माझ्या घरात बाळंतीन उपाशी ऱ्हायची न्हाय."