दाराबाहेरच्या चपला

शेजारी आज सत्यनारायण आहे. त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पाहिला आणि परमुलखातल्या महादेवपुऱ्यातली एक रविवारची दुपार आठवली. आमच्या गावचे ख्रिस्ती पाळक, ज्यांच्यामुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो, गाव सोडल्यावर तिथे भाड्याच्या खोलीत मराठी उपासना घ्यायचे. गाणं चालू असताना दार वाजलं. पाळकबाईंनी फटीतून पाहिलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, तोच. गावात तुमचा हात मोडणारा." गाणं थांबलं. कुणीतरी कुजबुजलं, "एकटा आला नसेल." पाळकांनी तरीही कडी काढली. वाकून त्याने दोन्ही हातांत दाराबाहेरच्या आमच्या चपला उचलल्या. पाळकबाईंनी डोळे मिटले. त्याने त्या आत आणून ठेवल्या आणि उरलेल्या उचलायला पुन्हा वाकला. "या बाहेर ठेवू नका, पाळकसाहेब. आम्ही ढिगावरूनच घर ओळखायचो. मी आता प्रभूचा झालोय, म्हणून माझेच सोबती मला शोधतायत." पाळकांनी वाकडा राहिलेला हात पुढे केला आणि आम्ही ख्रिस्ती एकमेकांना म्हणतो तसं म्हणाले, "सलाम, भाऊ. आत ये, कडी लाव." कडी त्यानेच लावली, आणि उपासना संपेपर्यंत तो दाराला पाठ लावून बसला. माझ्या चपला आजही दाराच्या आत असतात.