दाजी वर गेल्यावर

कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा मी वाळूजला एका कारखान्यात कामाला होतो. सकाळच्या पाळीला जाताना कंपनीच्या बसमध्ये रोज तोच विषय. "एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका," असं म्हणणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा. शेजारी बसणारा फिटर मुसलमान, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो नुसता ऐकायचा.

जूनमध्ये पत्र आलं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, फौजेत होते. त्यांची तुकडी वर, कारगिलकडं हलली होती. ताई लेकीला घेऊन गारखेड्याला आमच्याकडं राहायला आली. दिवसभर टीव्हीसमोर बसायची. मेलेल्यांची बातमी लागली, की पोरीला पाणी आणायला आत पाठवायची.

बसमध्ये माझं बोलणं बंद झालं. आठवडाभरानं फिटरनं विचारलं, "क्या भाई, चूप कायको?"

मी सांगितलं. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "मेरा भांजा भी उधरीच है. दो महिने हो गए."

इतके दिवस मी त्याच्या कानाशी लढाई मागत होतो.

"सांगायचं ना, भाई."

"सांगून काय? तुम्हाला सगळ्यांना लढाई पाहिजे होती. मी नको म्हणलो असतो, तर लोक काय समजले असते?"

त्या संध्याकाळी मी ताईला म्हणालो, "बास झालं आता. थांबवायला पाहिजे हे."

मला वाटलं, ती हो म्हणेल. भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला. "आता थांबवायचं व्हय? मग वर गेले ते कशाला मेले? शिखर घेतल्याबिगर खाली यायचं नाय."

"अन् दाजींचं काय?"

"त्यांचंच बोलतेय मी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माणूस एकच. त्याच्यापायी माझं मन लढाईवरून उडालं होतं, तिचं त्यात गुंतून बसलं होतं. आम्ही पुन्हा तो विषय काढला नाही.

पावसाळा सरताना दाजी आले. बर्फानं पायाची दोन बोटं गेली होती. गल्लीनं सत्कार केला, मीही हार घातला. फिटरचा भाचा मात्र परत आलाच नाही. मी फिटरच्या घरी भेटायला गेलो तर त्यानं खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. मग त्यानंच विचारलं, "तुमचे दाजी कसे हैत?"

"बरे आहेत," मी म्हणालो. तेवढं सांगणंही जड गेलं.