एका खोलीतल्या तीन कंपन्या

एकाच घरच्या कंपन्या एकमेकींना पैसे उसने देतात म्हणजे नेमकं काय करतात, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. सुरतेला मी हेच काम करायची, म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकात मी ज्या ऑफिसात टायपिंग करायची, तिथे एका खोलीत तीन कंपन्या होत्या. सुरतेलगतच्या भेस्तानचे लूम थोरल्या शेठचे, तिथून पुढच्या सचिन गावची डाईंग मिल त्यांच्या धाकट्या भावाची, आणि कतारगामचे गाळे भाड्याने देणारी कंपनी त्यांच्या आईच्या, म्हणजे बांच्या नावावर. फोन एक, पाण्याचा माठ एक, इंग्रजी येणारी बाई एक. सचिनच्या मिलला भेस्तानचे पैसे हवे असले की मागणीचं पत्र मी लिहायची आणि दुसऱ्या कंपनीचा कागद घेऊन होकाराचं उत्तरही मीच. शेठ सही करताना विचारायचे, "बेन, तुमचं तुमच्याशी भांडण तर नाही ना झालं?"

यात लबाडी नव्हती. एकाची नड दुसऱ्याने भागवायची, बँकेच्या आधी. त्या जोरावर मिलचा बॉयलर कधी थंड पडला नाही.

एका दिवाळीला मात्र भेस्तानचा बोनस अडला. तो पैसा कोळशासाठी सचिनला गेला होता, आणि व्यापारी मिलचं बिल दिवाळीनंतरच चुकतं करणार होते. भेस्तानचा मुकादम खानदेशातला. बरेचसे कारागीर त्याने आपल्याच गावाहून आणलेले, बोनसचा शब्दही त्यानेच दिलेला. तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, आते गावमा काय तोंड दाखाडू?"

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "मिल बंद पडली असती तर तिथली माणसं कुठे गेली असती?" तेही खरंच होतं. त्यांनी जेवणाचा डबा उघडलाही नव्हता.

दुपारी बा सह्यांना आल्या. मी पेन्सिलने खूण करायची, त्या तिथे सही करायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्या दिवशी त्यांना बाकावर बसलेला मुकादम दिसला. तो का बसलाय, ते मी सांगितलं.

"माझ्या कंपनीत भाडं जमतं ना?" त्यांनी मुलाला विचारलं.

"जमतं, बा. ते तुझ्यासाठी ठेवलंय."

"मी काय एकटी जेवते? देऊन टाक. पण परत कधी करशील?"

"बा, घरातलंच तर आहे."

"सचिनलाही घरातलंच दिलं होतंस. तारीख घाल, दीकरा."

अशा पत्रात परतीची तारीख मी तेव्हा पहिल्यांदा टाईप केली. शेठनी थट्टा न करता सही केली. दुसऱ्या दिवशी बोनस वाटला गेला आणि मंडळी गाडीने गावी गेली.

दिवाळीनंतर मुकादम सगळ्या माणसांना घेऊन परतला. बांसाठी त्याने पिशवीभर भरताची वांगी आणली होती. ठरल्या तारखेला बा चेक घ्यायला स्वतः आल्या, तेव्हा ती वांगी घरी शिजून संपलीही होती. निम्मी त्यांनी धाकट्याकडे पाठवली होती. चेक घडी करून कनवटीला लावत त्या शेठना म्हणाल्या, "भावाला सांग, वांगी परत नकोत."